डब्ल्यूडी-४० : बिजागरी सोडून घरात कुठे चालतो आणि कुठे मुळीच नाही?

करकरतं_दार (प्रश्न)

डब्ल्यूडी-४० या स्प्रेचा तो निळा-पिवळा कॅन बहुतेक घरांत दाराची करकर थांबवायला येतो, दोन फवारे मारून होतात आणि मग कपाटात पडून राहतो. नेटवर त्याच्या उपयोगांच्या लांबच्या लांब याद्या फिरतात. त्यातल्या निम्म्या गोष्टी वाचतानाच शंका येते. वर कोणी म्हणतं हे उत्तम वंगण आहे, कोणी म्हणतं हे वंगणच नाही.

जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं. यादी अशी:

१. काचेच्या बरण्यांवर आणि प्लास्टिकच्या डब्यांवर राहिलेला स्टिकरचा चिकटा
२. भिंतीवरचे मेणखडूचे रेघोटे
३. मुख्य दाराचं कुलूप, चावी अडते
४. सरकत्या खिडकीचे रूळ
५. गंजून बसलेला नट
६. शिलाई मशीन आणि छताचा पंखा, तेल म्हणून चालेल का?

याशिवाय सहसा कोणाला सुचत नाहीत असे उपयोग असतील तर तेही हवेत. फक्त खरोखर चालणारे.

---

कानस

आधी 'वंगण की नाही' याचा निकाल लावू, म्हणजे पुढचं बरंचसं आपोआप सुटेल.

डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत ते तयार झालं. काम होतं अॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ धातूच्या कवचाला गंजापासून वाचवायचं. दुकानात ते १९५८ साली आलं आणि १९६९ साली कंपनीने स्वतःचं नावच बदलून डब्ल्यूडी-४० ठेवलं. म्हणजे बिजागरी, कुलूप, साखळी हे सगळं नंतर चिकटलेलं. मूळ उद्देश ओल हटवून धातूवर पातळ थर सोडणं, एवढाच.

आत काय असतं? साधारण निम्मा भाग हलका, उडून जाणारा पेट्रोलियम द्रावक, म्हणजे रंगात घालतात त्या टर्पेंटाइनच्या पर्यायाचा भाऊबंद. उरलेल्यात खनिज तेल आणि सावकाश उडणारे आणखी काही घटक. बाहेर ढकलायला कार्बन डायऑक्साइड. सिलिकॉन नाही, टेफ्लॉन नाही आणि माशाचं तेलही नाही. ती अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे.

फवारला की द्रावक आधी फटीत शिरतो, मळी सोडवतो, पाणी बाजूला सारतो आणि उडून जातो. मागे तेलाचा पातळ पापुद्रा राहतो. तेव्हा 'हे वंगण नाही' हे चूक. वंगण आहे, पण हडकुळं. जिथे भार कमी आणि हालचाल क्वचित, तिथे पुरतं. जिथे भार आहे, वेग आहे किंवा पाऊस-धूळ आहे, तिथे काही दिवसांत संपतं.

म्हणून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: तासाभराने त्या जागी काय उरलेलं हवंय? काहीच नको असेल (चिकटा, मेण, डांबर) तर बिनधास्त वापरा आणि साबणाने धुऊन टाका. पातळ तेल चालणार असेल (कात्री, पक्कड, खुरपं) तर फवारा आणि पुसा. जाड वंगण हवं असेल (बिजागरी, साखळी) तर हा फक्त सफाईला, वंगण त्यानंतर वेगळं.

बिजागरीचंच बघा. वरून फवारलं की करकर थांबते आणि काही आठवड्यांनी परत येते, कारण पापुद्रा दोन पाकळ्यांच्या मध्ये चेपून निघून जातो. नीट करायचं तर दाराखाली पाचर ठोकून दाराचा भार घ्या आणि एका वेळी एकाच बिजागरीची खीळ काढा. खालून जाड खिळा टेकवून हातोडीने हलके ठोकलं की खीळ वर येते. खीळ आणि तिच्या नळ्या फवारून काळा चिकटा जुन्या कापडाने पुसा. खिळेवर गंजाचे खवले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग पांढरं लिथियम ग्रीस, नसेल तर पेट्रोलियम जेली, अगदी नखभर घेऊन खिळेला चोळा आणि परत ठोका. दार दहा-पंधरा वेळा उघडझाप करून बाहेर आलेलं ग्रीस पुसा. वर्षानुवर्षं बघायला नको.

खीळ निघत नसेल अशी बिजागरी असेल तर कॅनसोबतची लाल नळी लावून वरच्या टोकाला अर्धा सेकंद, बस. खाली कापड धरा. तो काळा ओघळ दाराच्या पांढऱ्या रंगावर आला की डाग राहतो.

---

मेणकापड

१ आणि २ चं उत्तर.

स्टिकरच्या बाबतीत लोक एक पायरी गाळतात. वरच्या कागदाला प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यातून काही झिरपत नाही. आधी तो थर नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने सोलून काढा, म्हणजे खाली भुसभुशीत कागद आणि गोंद राहतो. त्यावर फवारा आणि ५ ते १० मिनिटं हात लावू नका. गोंद विरघळण्यापेक्षा फुगतो आणि पकड सोडतो, म्हणून थांबणं महत्त्वाचं. फवारला आणि लगेच घासला की तोच चिकटा बोटाला लागून सगळीकडे पसरतो. मग कार्डाने एका दिशेने खरवडा, कापडाने पुसा आणि भांडी घासायचा साबण व कोमट पाणी लावून धुवा. धुतलं नाही तर तेलकट थरावर धूळ बसते आणि 'स्प्रेने काच खराब केली' असं वाटतं.

ज्यात खायचं ठेवणार त्या बरणीला हे बाहेरूनही लावायची गरज नाही. खाण्याचं तेल आणि खाण्याचा सोडा समभाग कालवून लेप लावा, अर्ध्या तासाने घासा, तोच परिणाम मिळतो. प्लास्टिकचे डबेही खाण्यापिण्याचे असतील तर हाच लेप.

कच्चं लाकूड, पुठ्ठा, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांवर फवारू नका. तेल आत शिरतं आणि निघत नाही.

मेणखडू म्हणजे मेण, आणि मेण या द्रावकात छान सुटतं. पण भिंत कोणती ते आधी बघा. ऑइल पेंट किंवा धुता येणारा चकचकीत रंग असेल तर कापडावर फवारून (भिंतीवर नाही) रेघेवर हलकं दाबत फिरवा. कापडाची घडी बदलत राहा, नाहीतर लाल रेघ पुसून गुलाबी ढग तयार होतो. मग साबणाच्या पाण्याचा स्पंज दोनदा. डिस्टेंपर किंवा कुठलाही खडबडीत, चमक नसलेला रंग असेल तर हा प्रयोग करूच नका. मेणखडूची रेघ जाईल आणि तळहाताएवढा तेलाचा डाग येईल, तो रेघेपेक्षा वाईट. आणि ज्या भिंतीवर लवकरच रंग द्यायचाय तिथे साबणाने धुण्यात कुचराई नको. तेलाचा अंश राहिला तर नवा रंग तिथे आकसून लहान लहान खळगे पडतात.

कपड्यावरच्या जुन्या ग्रीसच्या डागालाही उपयोग होतो, ऐकायला उलटं वाटेल. वाळून घट्ट झालेला डाग थेंबभर स्प्रेने मऊ होतो, मग त्यावर भांड्यांचा साबण थेट चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि हाताने धुवायचं. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको, उष्णतेने उरलेला डाग पक्का होतो. रेशीम आणि फक्त ड्रायक्लीनचे कपडे यातून वगळा.

सुपरग्लू मात्र याने सुटत नाही. यादीत कायम असतं, पण वाळलेल्या सुपरग्लूला अॅसिटोन लागतं.

---

दहा_नंबरचा_पाना

गंजलेल्या नटाबद्दल. सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि बोल्टचं डोकं तिथेच जातं.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमधली बारीकशी मोकळी जागा त्याने ठासून भरलेली असते. स्प्रे गंज विरघळवत नाही, त्याच्या भेगांमधून आत सरकतो आणि घर्षण कमी करतो. त्यामुळे क्रम असा:

तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करा. ते गंजाने भरलेले राहिले तर सुटलेला नटही वाटेत पुन्हा अडकतो. नट आणि बोल्ट जिथे भेटतात तिथे नळीने फवारा, शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी. मग हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके टोले. हे टोले जोर लावायला नसून गंजाच्या थराला तडे पाडायला आहेत, त्या तड्यांतून तेल आत जातं. २० मिनिटं थांबा, पुन्हा फवारा, पुन्हा टोले. वेळ असेल तर रात्रभर ठेवा.

सोडवताना पहिला हिसका *घट्ट करायच्या* दिशेने, अगदी किंचित. गंजाची पकड तुटली की 'टक' असा आवाज येतो, मग उलटा फिरवा. थोडा सुटला की परत थोडा आवळा, असं मागे-पुढे करत बाहेर काढा. एकाच दमात ओढला तर गंजाची भुकटी आट्यांत गोळा होऊन बोल्ट पिळवटून तुटतो.

पाना शक्यतो सहा कोनी सॉकेट किंवा रिंग. बारा कोनी सॉकेट झिजलेल्या नटावर घसरतो आणि कोपरे गोल करतो. फिरता पाना शेवटचा पर्याय.

एक गोष्ट ठळकपणे: स्प्रे मारलेल्या नटाला ज्योत दाखवायची नाही. उष्णता देणं हा गंजलेल्या नटावरचा जुना आणि चांगला उपाय आहे, पण तो कोरड्या नटावर. द्रावक ज्वालाग्राही आहे, भपका उडतो.

रात्रभर ठेवूनही हलला नाही तर खास झिरपणारं तेल मिळतं ते आणा. साधा डब्ल्यूडी-४० या कामात बरा आहे, सर्वोत्तम नाही. आणि हो, त्याच कंपनीच्या कॅनमध्ये झिरपणारं तेल, सिलिकॉन स्प्रे, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) असे वेगवेगळे प्रकार येतात. लेबल वाचूनच उचला.

नट काढल्यावर परत बसवताना आट्यांना चिमूटभर ग्रीस लावा, पुढच्या वेळी हे सगळं करावं लागणार नाही.

---

किल्ल्यांचा_जुडगा

कुलपात डब्ल्यूडी-४० मारायचा नाही. आत तेल राहतं, त्याला धूळ आणि चावीची पितळी भुकटी चिकटते, सहा महिन्यांत पिनांवर काळा लगदा. स्प्रिंगा अगदी नाजूक असतात, लगद्याने पिन वर अडकली की चावी फिरत नाही. ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, एवढंच.

---

कानस

@किल्ल्यांचा_जुडगा, वंगण म्हणून नको हे मान्य. पण आधीच लगदा झालेल्या कुलपाची सफाई कशाने करणार? ग्रॅफाइट लगद्यावर टाकलं तर त्याची कणीक होते. आधी नळीने स्प्रे मारून मळी बाहेर काढणं आणि मग कोरडं वंगण, यात काय चूक आहे?

आणि बाहेरच्या फाटकाचं भिजलेलं कुलूप? तिथे पाणी हटवणं हेच काम आहे, त्याच्यासाठीच हा बनला.

---

किल्ल्यांचा_जुडगा

सफाईला हरकत नाही, पण लोक सफाईवर थांबतात, हीच अडचण. करायचंच तर पूर्ण करा:

चावीच्या फटीत नळी घालून एक सेकंद फवारा, खाली कापड. चावी आत-बाहेर दहा वेळा, *न फिरवता*, आणि प्रत्येक वेळी चावी पुसायची. कापडावर काळं येणं थांबेपर्यंत पुन्हा. मग एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशी टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, अर्धा सेकंद. यानंतर ग्रॅफाइट नको. तेलाचा अंश आत असतोच, आणि तेल अधिक ग्रॅफाइट म्हणजे काळी पेस्ट. ग्रॅफाइट फक्त कधीच तेल न पाजलेल्या कुलपाला.

फाटकाच्या भिजलेल्या कुलपाचं मान्य. तिथे गंज हा मोठा शत्रू, धूळ दुय्यम.

प्रश्नकर्त्यांना: स्प्रे उचलण्याआधी दोन गोष्टी तपासा. मूळ चावीने चालतं आणि नकलेने अडतं असं असेल तर दोष नकलेच्या खाचांचा आहे. आणि दार *उघडं* ठेवून चावी फिरवून बघा. उघड्या दारात सहज फिरत असेल तर कुलपाचा काही दोष नाही, दार खाली बसलंय आणि जिभली (कुलपातून बाहेर येणारा दांडा) चौकटीच्या पत्र्याला घासते आहे. त्यावर जगातला कुठलाही स्प्रे चालणार नाही.

---

सुईदोरा

६ साठी: दोन्हीकडे नको.

शिलाई मशीनला पारदर्शक मशीन ऑइलच. वेगाने फिरणाऱ्या भागांना टिकाऊ थर लागतो. या स्प्रेचा पापुद्रा लवकर जातो, आणि जो राहतो तो कापडाच्या तंतूंशी मिळून चिकट होतो. मग मशीन जड चालतं आणि लोक आणखी फवारतात. बरीच वर्षं बंद असलेलं, जुनं तेल घट्ट होऊन अडलेलं मशीन मोकळं करायला मात्र उपयोगी आहे: कॅनच्या टोपणात थोडं फवारा, कापसाच्या काडीने नेमक्या सांध्यावर लावा, हातचाक हळूहळू मागे-पुढे हलवा. चाक सुटलं की सगळं कोरडं पुसा आणि प्रत्येक सांध्याला मशीन ऑइलचा एकेक थेंब. पट्ट्यावर आणि रबरी चकतीवर जाऊ देऊ नका. शेवटी चिंधीवर दहा मिनिटं शिवा, नाहीतर पहिल्या चांगल्या कापडावर तेलाची रेघ.

पंख्यात बंद बॉल बेअरिंग असतं, त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. स्प्रेने ते ग्रीस पातळ होऊन वाहून जातं. आठ दिवस आवाज बंद, मग आधीपेक्षा मोठा. शिवाय मोटारीच्या वेटोळ्यांवर तेल आणि धूळ. आवाज बेअरिंगचा असेल तर बेअरिंग बदलायचं. पण त्याआधी पात्यांचे स्क्रू आणि वरच्या टोपीचा सैलपणा तपासा, खडखड बहुधा तिथली निघते.

---

रूळावरचा_कचरा

सरकती खिडकी: नको. रूळ हा धुळीचाच रस्ता, त्यात तेल ओतलं की गाळ. कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, ओल्या कापडाने पुसा, वाळल्यावर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे कापडावर घेऊन फिरवा. तरीही जड जात असेल तर पल्ल्याच्या खालच्या कडेला, दोन्ही टोकांना, छोटासा स्क्रू दिसतो का बघा. अनेक खिडक्यांत त्यानेच चाकाची उंची बदलते. चाक झिजून पल्ला रुळाला टेकला असेल तर वंगणाने काय होणार?

---

करकरतं_दार

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन उपप्रश्न. प्लास्टिकवर चालतो का नाही याची वेगवेगळी उत्तरं दिसतात. आणि गाडीच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर मारला की काच नवी होते असे व्हिडिओ आहेत, ते खरे आहेत का?

---

मेणकापड

प्लास्टिक म्हणजे एकच पदार्थ नव्हे, म्हणून उत्तरं वेगळी. बादल्या-डब्यांचं जाडसर, मेणचट प्लास्टिक थोड्या वेळाच्या संपर्काला टिकतं. पॉलीकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरीन यांवर वापरू नका, हे उत्पादकच सांगतो. ताणाखाली असलेल्या पॉलीकार्बोनेटला द्रावक लागला की बारीक तडे जातात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. चष्म्याच्या काचा, हेल्मेटची पुढची काच, सीडीचे पारदर्शक डबे, सगळे या गटात. कुठलं प्लास्टिक ते कळत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून तासभर थांबा. पृष्ठभाग चिकट, धुरकट किंवा मऊ झाला तर विषय संपला.

रबराचंही तसंच. नैसर्गिक रबर आणि दारा-खिडक्यांच्या कडेची रबरी पट्टी या तेलाने फुगते आणि सैल होते. तिथे सिलिकॉन.

हेडलाइट म्हणजे वर सांगितलेलं पॉलीकार्बोनेटच! पिवळेपणा हा मळ नाही, उन्हाने पृष्ठभाग खराब होऊन बारीक खडबडीत झालेला असतो. तेल त्या खळग्यांत भरलं की प्रकाश कमी विखुरतो आणि काच स्वच्छ *दिसते*. ओला दगड गडद दिसतो, त्यातलाच प्रकार. दोन-चार दिवसांत तेल गेलं की पिवळेपणा परत. व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला संपतो म्हणून फसतो. खरा उपाय म्हणजे ओल्या पॉलिश पेपरने ८००, १५००, २०००, ३००० अशा क्रमाने घासणं, पॉलिश करणं आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा पारदर्शक लेप. लेप दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

गाडीला तो दुसरीकडे उपयोगी आहे: दाराच्या खालच्या भागावर उडालेले डांबराचे ठिपके. फवारा, २-३ मिनिटं, मऊ कापडाने टिपून घ्या (घासलं तर डांबरातली वाळू रंगावर चरे पाडते), मग शाम्पूने धुवा. त्या जागेचं वॅक्सही जातं, ते परत लावा. ब्रेकच्या चकतीवर, टायरवर, पुढच्या काचेवर तुषारही नको.

---

दहा_नंबरचा_पाना

चटकन न सुचणारे, पण चालणारे:

चिकटपट्टी कापून कापून चिकट झालेली कात्री. पात्यावर फवारा, पाच मिनिटांनी पुसा, साबणाने धुवा. कटरच्या पात्यालाही हेच.

करवतीच्या दातांत बसलेली लाकडाची राळ. फवारा, दहा मिनिटं, जुन्या टूथब्रशने घासा. करवत पुन्हा नवी असल्यासारखी चालते, धार गेलीय असं समजून बदलू नका. लाकूड कापण्याआधी पूर्ण पुसा मात्र, तेल लाकडात गेलं तर पॉलिश धरत नाही.

छत्रीच्या काड्यांचे सांधे. कापसाच्या काडीने, एकेक. थेट फवारला तर कापडावर तेलाचे डाग पडतात आणि पाणी न धरणारा लेपही जाऊ शकतो.

खुरपं, फावडं, कुदळ: धुऊन *पूर्ण वाळवून* फवारा आणि पुसा. ओली माती तशीच ठेवून वरून फवारलं तर ओल आतच कोंडते. महिनोन्‌महिने पडून राहणार असतील तर हा पापुद्रा पुरत नाही, जाड तेल किंवा ग्रीस लावा.

सायकलची साखळी: फक्त धुवायला. कापडावर फवारून कापडातून साखळी उलटी फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत. तासभर वाळू द्या, मग साखळीचं तेल प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, दहा मिनिटं पेडल फिरवा आणि वरचं सगळं पुसा. स्प्रे मारून तशीच चालवली तर पहिल्या लांब फेरीत साखळी चरचरायला लागते. डिस्क ब्रेक असेल तर चाक आधी झाका.

एकात एक अडकलेले काचेचे पेले: फटीत फवारून हलकं पिळलं की सुटतात, पण पेल्यांना हे कशाला? आतल्यात थंड पाणी, बाहेरचा कोमट पाण्यात, मिनिटभरात सुटतात. फुलदाण्या असतील तर स्प्रे.

नळाच्या तोंडावरचे पांढरे थर याने जात नाहीत. तो चुन्याचा क्षार आहे, त्याला आम्ल लागतं. व्हिनेगर आणि पाणी समभाग, कापड भिजवून अर्धा तास गुंडाळा, पुसा, धुवा.

---

कानस

अजिबात नको ती यादीही हवी, कारण नेटवर ती धोकादायक रीतीने उलटी असते.

गॅसच्या शेगडीचे नॉब. आतल्या वाल्व्हला उष्णता सोसणारं वेगळं ग्रीस असतं, स्प्रेने ते निघालं तर गॅस गळू शकतो. शिवाय ज्वालाग्राही द्रावक, शेगडीवर! जड झालेला नॉब हे मेकॅनिकचं काम.

स्विच, सॉकेट, बोर्ड. 'वीज वाहून नेत नाही' हे अर्धसत्य फिरतं. द्रवातून वीज जात नसली तरी ठिणगीने वाफ पेट घेते, आणि मागे राहिलेलं तेल धूळ धरतं. तिथे वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर.

मिक्सरच्या भांड्याचं पातं, कुकरची रिंग, खायच्या वस्तूला लागणारं काहीही. ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर, त्याचे सांधे: शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप भडकू शकतं, घरी रुग्ण असेल तर हे लक्षात ठेवाच. फरशी, पायऱ्या, न्हाणीघर: बुटाच्या काळ्या रेघा निघतात खऱ्या, पण साबणाने धुतलं नाही तर त्याच जागेवर पाय घसरतो. दुखऱ्या गुडघ्यावर फवारणं हा तर निव्वळ वेडेपणा. त्वचेवरचं तेल निघून ती फुटते आणि सांध्यापर्यंत काही पोचत नाही. झुरळं मारायला म्हणून ओट्याखाली फवारणारेही आहेत. बंद जागेत ज्वालाग्राही तुषार आणि वर शेगडी.

वापरताना खिडकी उघडी, जवळ ज्योत किंवा उदबत्ती नको. कॅन ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहतं पाणी.

लहान मुलाने गिळलं तर उलटी करवायची नाही. हा पातळ द्रव पोटापेक्षा फुप्फुसात गेला तर जास्त घातक ठरतो, आणि उलटीत तेच होतं. कॅन सोबत घेऊन थेट डॉक्टरकडे.

---

सुईदोरा

थेट फवारण्यापेक्षा टोपणात काढून काडीने लावणं जवळजवळ सगळीकडे बरं. टोपणात काढल्यावर आधी फेस येतो, अर्धा मिनिट थांबा, वायू निघून गेला की साधं पातळ तेल उरतं. कॅन उलटा धरून फवारत बसू नका. आतली नळी वर येते, नुसता वायू बाहेर पडतो आणि अर्धा कॅन द्रव दाबाशिवाय आत अडकून बसतो.

---

करकरतं_दार

@किल्ल्यांचा_जुडगा, दार उघडं ठेवून चावी फिरवली. लोण्यासारखी फिरते. बंद दारात अडते. आता?

---

किल्ल्यांचा_जुडगा

म्हणजे कुलूप धडधाकट आहे, त्यात काहीही घालू नका.

जिभलीच्या टोकाला खडू फासा, दार लावून चावी शक्य तेवढी फिरवा आणि उघडा. चौकटीच्या पत्र्यावर खडू जिथे उमटला तिथे घासतंय. बहुधा भोकाच्या खालच्या कडेला उमटेल. आधी सगळ्यात *वरच्या* बिजागरीचे स्क्रू आवळा, दार खाली बसण्याचं कारण नव्वद टक्के वेळा तेच असतं. स्क्रू नुसते फिरत असतील तर भोकात गोंद लावलेल्या आगकाड्या (गुलाचं टोक तोडून) ठोकून भरा, गोंद वाळल्यावर पुन्हा आवळा, किंवा चौकटीच्या आतल्या लाकडापर्यंत पोचेल असा लांब स्क्रू घाला.

एवढं करून खडूची खूण तिथेच येत असेल तर गोल कानशीने पत्र्याचं भोक त्या बाजूला एक मिलिमीटर वाढवा. कानस पत्र्यावरच चालवा, जिभलीवर नको. घासून झाल्यावर पत्र्याची उघडी पडलेली कड गंजू नये म्हणून तिथे थेंबभर डब्ल्यूडी-४० लावा आणि पुसा.